औषधदान आणि आपले सरकारी रुग्णालय

कामशेतच्या बाजारपेठेत धान्य-किराण्याचा व्यापार करणाऱ्या एका जैन पेढीत एक खाते आजवर बंद झालेले नाही. पेढी तीन पिढ्यांची. आजोबा मारवाडातून आले, वडिलांनी नाणे मावळ व पवन मावळातील शेतकऱ्यांचे भात घेऊन पुण्याच्या बाजारात पाठविण्याचा व्यवसाय वाढविला, आणि आता अडुसष्ट वर्षांचे शेठजी गादीवर बसतात. सारे हिशेब संगणकावर गेले असले तरी दिवाळीला लाल खातेवहीचे पूजन होते आणि पहिली पाने शेठजी स्वतःच्या हाताने लिहितात. त्यांतच ते खाते असते. एका हमालाच्या नावे तीन हजार दोनशे रुपये उचल. मागील बाकी पुढे ओढली.

मुनीमजींनी एकदा सुचविले होते, "शेठजी, माणूस गेला. बुडीत खाती टाकून द्यावे." शेठजी एवढेच म्हणाले, "ते येणे नाही, मुनीमजी. ते देणे आहे."

ही गोष्ट २०११ सालची. पर्युषणाचे दिवस होते. नाणे मावळातील एका वाडीत राहणारा तो हमाल पेढीवर वीस वर्षे पोती वाहत होता. भाताच्या दिवसांत मावळातील घरांतून सापाचे भय असतेच. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करते आणि पुष्कळदा त्याला त्याची जाणीवही होत नाही. ना सूज, ना वेदना. पहाटे हमालाच्या पोटात कळा येऊ लागल्या. मग पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले. मुलगा धावत कामशेतला आला. शेठजी प्रवचनाला निघाले होते. त्यांनी टेम्पोतील पोती उतरविली आणि त्याच टेम्पोत हमालाला घालून तालुक्यातील एका सरकारी दवाखान्यात नेले.

तेथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. सर्पविषावरील लस होती, ती सुरू केली. परंतु मण्यारीचे विष श्वासाच्या स्नायूंवर आघात करते. लसीचा परिणाम होईपर्यंत रोग्याचा श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. ते यंत्र तेथे नव्हते, आणि ते चालविणारे तज्ज्ञही नव्हते. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: तातडीने पुण्यास न्यावे. मावळातील कोणत्याही घराला ही चिठ्ठी ठाऊक आहे. वडगाव मागे पडले, तळेगाव मागे पडले. देहूरोडच्या अलीकडे हमालाचा श्वास थांबला.

दोष त्या तरुण डॉक्टरांचा नव्हता, हे शेठजींना त्याही दिवशी कळत होते. त्यांच्या मनात निराळाच विचार घर करून राहिला. घरातील प्रत्येकाचा मेडिक्लेम उतरविलेला होता. पुण्यातील नामांकित रुग्णालयांत ओळखी होत्या. दंश हमालाला न होता स्वतः शेठजींना झाला असता, तर तरी काय वेगळे घडले असते? टेम्पोऐवजी मोटार असती. रस्ता तोच असता आणि अंतरही तेच. पैशाने खाट विकत घेता येते, परंतु वाटेत गेलेला तास विकत घेता येत नाही.

व्यापारी कुटुंबांचा सरकारी रुग्णालयाशी असलेला संबंध हा आजवर दात्याचा राहिला आहे. महावीर जयंतीला फळांचे वाटप होते, थंडीत ब्लँकेटे दिली जातात, छायाचित्र निघते आणि मंडळी घरी परततात. स्वतःच्या उपचारासाठी तेथे जाण्याचा प्रसंग येईल, असे कोणी मनात आणत नाही. परंतु मावळाचा भूगोल हा भेद मानीत नाही. पावसाळ्यातील एखाद्या रविवारी लोणावळ्यापासून वाहनांची रांग लागते, घाटात काही घडले की द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग दोन्ही थबकतात. अशा वेळी छातीत कळ आलेल्या माणसाला पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि पुण्याचे ससून ही सारखीच दूर असतात.

शिवाय या तालुक्यावरील भार जनगणनेच्या आकड्यांत मावत नाही. २०११ च्या जनगणनेत मावळची लोकसंख्या सुमारे पावणेचार लाख आणि लोणावळा शहराची ५७ हजारांच्या घरात होती. कार्ले-भाजे, लोहगड, पवना धरण, भुशी धरण येथे सुट्टीच्या दिवशी येणारी गर्दी त्यात नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला आणि अनेक जखमी झाले. काही मिनिटांत डझनावारी जखमी ज्या तालुक्यात रुग्णालयाच्या दारात येऊ शकतात, तेथे रुग्णालयाचे माप नुसत्या रहिवाशांच्या संख्येवर काढता येत नाही. आपल्या साधु-साध्वींचा विहारही याच महामार्गाने होतो. पहाटेच्या अंधारात, पावसात, अवजड वाहनांच्या शेजारून ते पायी चालत असतात. दुर्दैवाने काही घडलेच, तर गाठता येते ते जवळचे रुग्णालयच.

म्हणून गेल्या काही वर्षांत कान्हे आणि लोणावळा येथील उपजिल्हा रुग्णालयांसाठी शासनाने निधी दिला, तेव्हा शेठजींना मनापासून समाधान वाटले. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारणतः तीस खाटा. उपजिल्हा रुग्णालय पन्नास किंवा शंभर खाटांचे असते, आणि तेथे फिजिशियन, शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ अशी पदे अपेक्षित असतात. त्याआधीच २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर धावू लागली होती. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे शुल्कही उरले नाही. उपचार विनामूल्य झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत वाढले. २०११ च्या त्या पहाटेशी तुलना केली, तर पुष्कळ काही बदलले होते.

याच सुमारास घरात दुसरा विषय निघाला. शेठजींच्या वडिलांची पंचविसावी पुण्यतिथी जवळ आली होती. त्यांच्या स्मरणार्थ मोठी रक्कम दानात द्यावी, असे दोन्ही मुलांनी ठरविले होते. धाकट्याचे मत होते, की पुण्यातील एखाद्या नामवंत धर्मादाय रुग्णालयात एक खोली बांधून द्यावी. दारावर आजोबांचे नाव राहील, समाजातील मंडळी पाहतील. त्यात काही वावगे नव्हते. आपल्या धर्माने आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत आणि औषधदानाची थोर परंपरा आपल्या समाजाने जपली आहे.

थोरली सून चार्टर्ड अकाउंटंट आहे. तिने विचारले, "पप्पाजी, आपण मावळात राहतो, तर हे दान मावळातच का नको?"

"येथे सरकार बांधते आहे ना," धाकटा म्हणाला. "कोट्यवधी रुपये आले आहेत. आपल्या पैशांची तेथे काय गरज?"

सुनेचे उत्तर हिशेबनिसाचे होते. कारखाना उभारायला बँक मुदत कर्ज देते. पण खेळते भांडवल नसेल तर त्याच कारखान्याला सहा महिन्यांत टाळे लागते. इमारत हा भांडवली खर्च झाला. तो एकदाच होतो, त्याचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते. डॉक्टर, परिचारिका, औषधे, प्राणवायू, वीज, यंत्रांची देखभाल हा महसुली खर्च. तो रोज करावा लागतो आणि त्याचे उद्घाटन कधीच होत नाही. तिने कागदावर मांडून दाखविले. एका जागी चोवीस तास एक परिचारिका हवी असेल, तर तीन पाळ्यांसाठी तीन जणी लागतात. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण धरले तर चौघीही अपुऱ्या पडतात. खाटा तीसवरून शंभर झाल्या आणि माणसे तेवढीच राहिली, तर प्रत्येक रोग्याच्या वाट्याला येणारी शुश्रूषा पूर्वीपेक्षा कमीच होते. एक भूलतज्ज्ञ नसला तर शल्यचिकित्सक असूनही शस्त्रक्रियागृह बंद राहते. तालेबंदात मालमत्तेच्या बाजूला इमारत झळकते, पण नफा-तोट्याचे पत्रक काय सांगते ते कोणी पाहत नाही.

देशाचे चित्रही याहून निराळे नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने शासकीय आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता. त्याच लेख्यांत एक आश्वासक आकडाही आहे. एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांना स्वतःच्या खिशातून करावा लागणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो ३९.४ टक्क्यांवर आला. म्हणजे शासनाने खर्च केला की कुटुंबाच्या खिशावरील भार उतरतो. आजारपणासाठी शेत गहाण टाकणारी किती माणसे आपल्या पेढ्यांच्या पायऱ्या चढली आहेत, हे व्यापाऱ्यांना कोणी सांगावयास नको.

शेठजींना त्या वेळी ससूनची आठवण झाली. ज्या रुग्णालयाच्या नावाने मावळातील चिठ्ठ्या लिहिल्या जातात, ते मुळात एका व्यापाऱ्याच्या दानातून उभे राहिले. मुंबईचे व्यापारी डेव्हिड ससून यांनी देणगी दिली आणि १८६७ मध्ये पुण्यात ते रुग्णालय सुरू झाले. दात्याचे नाव राहिले. परंतु दीडशेहून अधिक वर्षे रोग्यांना जगविले ते तेथे रात्रंदिवस राबणाऱ्या माणसांनी आणि सरकारने सातत्याने केलेल्या खर्चाने. याच्या दुसऱ्या टोकाला महाड तालुक्यातील बिरवाडीचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथे भव्य इमारत नव्हती. डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे एक तरुण सरकारी डॉक्टर मात्र विंचूदंश झालेल्या रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसून राहिले. त्यांनी नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्यांचे शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कोकणात विंचवाने होणारे मृत्यू कमालीचे घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बिरवाडीची कथा ऐकल्यावर धाकटाही थोडा वेळ गप्प राहिला.

तरीही निर्णय झाला नाही. तो झाला त्या वर्षीच्या संवत्सरीला.

२०११ पासून दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी शेठजी त्या हमालाच्या घरी जातात. त्याची पत्नी आता वृद्ध झाली आहे. पहिल्या वर्षी शेठजींनी हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले, तेव्हा तिला अर्थ कळला नव्हता. मुलाने समजावून सांगितल्यावर ती म्हणाली होती, "शेटजी, तुमी कशापायी माफी मागता? तुमी तर टेम्पो काडला." पुढे ती सवय झाली. शेठजी येतात, ओट्यावर बसतात, चहा नाकारतात कारण उपवास असतो, आणि घरची खुशाली विचारून निघतात.

त्या संवत्सरीला शेठजींनी तिला मोठ्या उत्साहाने तालुक्यातील नव्या रुग्णालयाविषयी सांगितले. किती खाटा होणार, कोणती यंत्रे येणार, इमारत कशी भव्य आहे. वृद्धेने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "रातीला मोठा डॉक्टर असतो का तिथं?"

शेठजींना उत्तर देता आले नाही. त्यांनी ते कधी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पारणे झाल्यावर ते सुनेला घेऊन तालुक्यातील एका शासकीय रुग्णालयात गेले. या वेळी हातात फळांची करंडी नव्हती. त्यांनी रांगेत उभे राहून स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला आणि रक्तदाब तपासून घेतला. आयुष्यातील हा त्यांचा पहिला सरकारी केसपेपर. मग वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून त्यांनी वृद्धेचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. अधिकारी प्रांजळ होते. ते म्हणाले, "तज्ज्ञ येतात, पण मुक्कामाला राहत नाहीत. तुम्हीच येऊन निवासस्थाने पाहा."

निवासस्थाने मागच्या बाजूस होती. मावळच्या पावसाने भिंती ओलावल्या होत्या, छत गळत होते, स्नानगृहाचे दार सडले होते, वीज गेली की अंधार होत असे. लहान मूल असलेली परिचारिका किंवा नवविवाहित डॉक्टर तेथे कसे राहणार? संध्याकाळची लोकल पकडून पुण्याला जाणे त्यांना भागच होते. रुग्णालयाला मोठा निधी आला होता, पण तो ज्या कामांसाठी मंजूर झाला त्याच कामांवर खर्च होऊ शकत होता. दुरुस्तीचा प्रस्ताव गेलेला होता. तो आपल्या गतीने चालला होता.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून, म्हणजे २००५ नंतर, सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समितीची जोड मिळाली आहे. समितीला देणगी स्वीकारता येते, तिचा हिशेब ठेवावा लागतो आणि तो तपासलाही जातो. किती व्यापारी कुटुंबांना या समितीचे अस्तित्व ठाऊक आहे? शेठजींनाही ते त्या दिवशीच कळले. सुनेने समितीचे लेखे मागवून वाचले, रीतसर पत्रव्यवहार केला, आणि आजोबांच्या स्मरणार्थ ठेवलेली रक्कम समितीमार्फत निवासस्थानांच्या दुरुस्तीला दिली गेली. छताला पत्रे, भिंतींना गिलावा, पाणी तापविण्याची सोय, एक इन्व्हर्टर, दोन ओट्यांची स्वयंपाकघरे. धाकट्याने उभे राहून काम करून घेतले. मालाचे भाव त्याला कोणापेक्षाही जास्त कळतात. नावाची पाटी लावावी का, हा प्रश्न आला तेव्हा तोच म्हणाला, "डॉक्टरांच्या न्हाणीघरावर आजोबांचे नाव कोठे लावायचे?" सगळे हसले आणि तो विषय तेथेच मिटला.

आपल्या शास्त्रांनी आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना केली आहे. सेवेला तप का म्हणावे, याचा उलगडा अशा वेळी होतो. दान एका क्षणात देता येते. सेवेला पुन्हा पुन्हा जावे लागते. शेठजी आता दर महिन्याला स्वतःच्या रक्तदाबासाठी त्याच रुग्णालयात जातात. रांगेत बसल्यावर औषधखिडकीवर काय आहे आणि काय संपले आहे, कोणत्या विभागाच्या दाराला कुलूप आहे, हे कोणी न सांगता दिसते. जेथे गावातील प्रतिष्ठित माणसे उपचार घेतात, तेथील उणिवा वरपर्यंत लवकर पोहोचतात. मावळ-लोणावळ्यातील प्रत्येक व्यापारी घरातून एकाने जरी आपला केसपेपर तेथे काढला, वर्षातून एकदा समितीचे लेखे वाचले आणि रिक्त पदांविषयी लोकप्रतिनिधींना नम्रपणे परंतु चिकाटीने विचारले, तर शासनाच्या गुंतवणुकीची ती सर्वांत चांगली राखण ठरेल. आपण दुकानात रोजमेळ रोज जुळवितो. सार्वजनिक पैशाचा रोजमेळ मात्र दुसऱ्या कोणीतरी जुळवावा, असे म्हणून चालणार नाही. तो पैसा आपल्याच करातून गेलेला आहे.

दिवाळीला वहीपूजन झाले. शेठजींनी त्या खात्यावर पुन्हा लिहिले: मागील बाकी पुढे ओढली. या खेपेस मुनीमजींनी काही विचारले नाही.

पुढच्या संवत्सरीला शेठजी नेहमीप्रमाणे त्या वाडीवर गेले. हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून झाल्यावर ओट्यावर टेकले आणि त्यांनी आपण होऊनच सांगितले, "तुम्ही मागे विचारले होते. आता आठवड्यातून चार रात्री मोठे डॉक्टर मुक्कामाला असतात."

वृद्धेने बोटांवर मोजले.

"म्हंजी तीन राती ऱ्हायल्या," ती म्हणाली.

शेठजींनी मान डोलावली, आणि ते वाडी उतरू लागले.